चहाच्या पिशव्यांचा विडा

विडा मी ठेवला नाही. हे आधी सांगून टाकतो, बाकीचं मागून.

आमच्या ब्लॉकमध्ये सगळे रत्नागिरी जिल्ह्यातले. परांची बांधणारे स्कॅफोल्डर, वेल्डर, पाइप फिटर, सुतार. मी इलेक्ट्रिशियन, कुठल्या शाळेत न शिकलेला. कॅम्प अबकैकच्या तेलाच्या प्लँटजवळ, वाळूत, पत्र्याच्या खोल्यांचा. ब्लॉकमध्ये काही भांडण झालं की गावाकडच्यासारखी गावकी बसते. शुक्रवारी जेवणं उरकली की आमच्यातले वडीलधारे नाना स्टीलचं ताट मधे ठेवतात. ज्याच्यावर आळ आहे त्याने त्या ताटात विडा ठेवायचा आणि म्हणायचं, "गावकीनं माझा न्याय करावा, होईल तो मला मान्य." मगच सभा सुरू होते. सौदीत पान आणता येत नाही, म्हणून विडा म्हणजे चहाच्या पिशव्या आणि वर एक वेलदोडा. हसायला येतं ना. पण या पिशव्यांवर माणसं मेसमधून कायमची बाहेर काढलेली मी बघितलीत.

आरोपीने विडा ठेवल्याशिवाय गावकीला तोंड उघडता येत नाही, हा नियम. आणि विडा ठेवायला कुणी नाही म्हटलं तर काय करायचं, याला नियमच नाही. कारण आजपर्यंत कुणी नाही म्हटलंच नव्हतं.

मी म्हटलं.

आळ काय, तर मास्क चोरल्याचा. उल्हासचा गॅस मास्क.

कुवेतवरून लढाई सुरू झालेली. इराकची मिसाइलं येत होती, आणि पुढच्या मिसाइलच्या पोटात बारूद आहे का गॅस ते कुणालाच माहीत नव्हतं. कंपनीने मास्क दिले. ऑफिसवाल्यांना प्रत्येकी एक. आमच्या अख्ख्या ब्लॉकला मूठभर. बाकीच्यांनी ओला टॉवेल तोंडाला लावायचा, असा कागद भिंतीवर चिकटवून गेले. नानांनी चिठ्ठ्या टाकल्या. मी तेव्हा सगळ्यांच्या देखत ओरडलो होतो की चिठ्ठ्या टाकून जीव काय वाटता, सगळे मिळून कॅम्प बॉसच्या ऑफिसवर चला, सगळ्यांना मास्क मागा. लोक म्हणाले, बस खाली. उल्हासची चिठ्ठी निघाली. तो पाइप फिटर, जीभ पाइप कापायच्या ब्लेडसारखी. मला म्हणाला, "तुझी निघाली असती तर एवढं तत्त्वज्ञान सुचलं असतं का रे?"

त्याने मास्क नानांच्या खोलीतल्या लोखंडी कपाटात ठेवला. ते आमच्या देवांचं कपाट. वरच्या फळीवर गणपतीचा फोटो, ग्रामदेवीचा फोटो, आणि लढाई लागल्यापासून नवसाचे नारळ. प्रत्येकाने आपापला नारळ लाल फडक्यात बांधून ठेवलेला, जिवंत घरी गेलो तर शिमग्याला देवीपुढे फोडायचा. कपाटाला कुलूप, कारण सौदीत आपल्या देवांना बंदी, उघड्यावर ठेवायची सोय नाही. पण किल्ली दाराच्या खिळ्याला, आणि खिळा सगळ्यांना ठाऊक.

मंगळवारी आग विझवण्याच्या सामानाची तपासणी आली. असं कुणी आलं की नाना साइटवरून धावत येतात, देव गुंडाळतात आणि खाटेखालच्या तांदळाच्या ड्रममध्ये पुरतात. तो तांदूळ खायचा नाही, देव लपवायलाच ठेवलेला. त्या दिवशीही नाना आले, लपवलं, परत कामाला गेले. मी ब्लॉकमध्येच होतो, बोट चिरलं होतं म्हणून रजेवर. संध्याकाळी उल्हासने कपाट उघडलं तर मास्क नाही.

दिवसभर ब्लॉकमध्ये कोण होतं? रोशन होता, म्हणजे मी. नानाही येऊन गेले होते, पण नानांना कोण मोजतं.

माझी खाट उलथली, ट्रंक उलथली. काही सापडलं नाही. उल्हास म्हणाला, "वाळूत पुरला असंल. इलेक्ट्रिशियन आहे, केबल पुरायची सवयच हाय."

तर शुक्रवार. ताट मधे. सगळे भिंतीला टेकून बसलेले. माझ्या हातात चहाच्या पिशव्या.

"ठेव बाळा," नाना म्हणाले. नाना स्कॅफोल्डिंगचे फोरमन, पन्नाशी उलटलेले, आवाज कधी चढत नाही. "ठेव, म्हणजे बोलता येईल."

"नाही ठेवणार," मी म्हणालो. "मला गावकी नको. माझा न्याय ताहेरला करू दे."

ताहेर म्हणजे कॅम्प बॉस. इजिप्तचा.

"ताहेरला तुझं नाव तरी माहीत हाय का?" उल्हासने विचारलं.

"नाही. म्हणूनच. त्याच्याकडे स्वतःचा मास्क आहे, त्याला माझा राग नाही. तुम्ही सगळे बिनमास्कचे बसलाय. प्रत्येकाच्या मनात आहे की आज उल्हासचा गेला, उद्या माझा टॉवेल जाईल. घाबरलेली माणसं न्याय करत नाहीत, कुणाला तरी धरतात."

"भाषण झकास," उल्हास म्हणाला. "आता विडा ठेव."

मी त्यांना मेन गेटवरच्या अमेरिकन शिपायाचं सांगितलं. तो गावी पोलीस होता, गेटचा दिवा दुरुस्त करताना त्याच्याशी बोलून बोलून मी इंग्लिश सुधारलं. त्यांच्याकडे खटल्यात गावातली बारा माणसं न्याय करायला बसतात. आणि आरोपी म्हणू शकतो, मला बारा जण नकोत, एकटा जज पुरे.

"मग जा अमेरिकेला," मागून कुणीतरी म्हणालं, आणि हशा झाला.

नाना हसले नाहीत. "आरोपी म्हणाला की झालं? बाकी कुणाला विचारत नाहीत?"

मला खोटं बोलता येत नाही, ही माझी खोड. "काही ठिकाणी सरकारी वकिलाचीही संमती लागते. जजचीही."

"का लागते?"

"तो म्हणाला, ती बारा माणसं एकट्या आरोपीसाठी नसतात. गावासाठीपण असतात."

"बघ," नाना म्हणाले. "मी दुसरं काय सांगतोय? आज तू ताहेरकडे गेलास, उद्या दुसरा जाईल. मग आपल्यात पाण्याच्या बादलीवरून भांडण झालं तरी ताहेर ठरवणार. गावकी तुझ्या एकट्याची नाय रोशन. तुला नको म्हणून ती मोडता येत नाय."

"आणि मला जी नाकारता येत नाही ती माझ्या भल्याची कशी? ती बेडी झाली."

"तोंड सांभाळ."

"का सांभाळू? माझ्या बापाने सांभाळलं, काय झालं त्याचं?"

हे बोलायचं नव्हतं, पण निघून गेलं. आमच्या बांधाचा वाद होता. बापाने गावकीला न विचारता चिपळूणच्या कोर्टात केस घातली. बस, एवढाच गुन्हा. वाळीत टाकलं. शिमग्याला पालखी वाडीत यायची, आमच्या दारासमोर ढोल बंद व्हायचा, पुढच्या दारात परत सुरू व्हायचा. आई ओवाळणीचं ताट घेऊन उंबऱ्यात उभी असायची. कोर्टात बाप जिंकला. पण बांधावरून त्याच्याशी बोलायला माणूस उरला नाही. ज्या सभेत हे ठरलं त्या सभेत नाना होते. नानांचं आणि माझं गाव एकच.

"होतो मी," नाना म्हणाले. "मी हात वर नव्हता केला."

"दुसऱ्या कुणाचा खालीही नव्हता ओढला."

नाना पुढे सरकून हळू आवाजात म्हणाले, "आता नीट ऐक. तू ताहेरला चोरी सांगितलीस की तो पोलीस आणील. लढाई चालू हाय, मास्कची चोरी म्हणजे साधी नाय. पोलीस अख्खा ब्लॉक झाडतील. ड्रम उलटतील. देव सापडले तर किती जणांना घरी पाठवतील सांग. तुझा न्याय होईल बाळा. आमचा कोण करील?"

सगळे माझ्याकडे बघत होते. मला राग याचा आला की हे खरं होतं. पूर्ण खरं होतं. आणि तरीही मी त्यांच्यासमोर विडा ठेवला असता तर मी चोर ठरणार होतो, हेही तेवढंच खरं होतं. कुणी कुणाला आधीच काय सांगून ठेवलंय ते मला त्यांच्या नजरेत वाचता येत होतं. समोर कमलाकर बसला होता, माझ्या शेजारच्या खाटेवरचा, माझ्या ताटात जेवणारा. तो जमिनीकडे बघत होता.

मी पिशव्या खिशात टाकल्या.

"सभा नाय तर नाय," उल्हास म्हणाला. "विडा ठेवत नाय म्हणजे कबूल हाय. चोर जोवर न्यायाला उभा राहत नाय तोवर बंद खोलीत नको. आमच्या मागे बसून अजून काय उचलील."

बंद खोली म्हणजे कोपऱ्यावरची खोली. खिडक्यांना प्लास्टिक, फटींना टेप, सायरन झाला की सगळे आत आणि दाराला आतून टेप. ब्लॉकमध्ये तेवढीच एक. ती टेप मी मारली होती. प्रत्येक फट मीच बंद केली होती, शिडीवर चढून, आणि हा उल्हास खाली शिडी धरून उभा होता.

नाना म्हणाले, "असा नियम नाय."

"विडा नाकारायचा तरी कुठं नियम हाय?" उल्हास म्हणाला.

नाना गप्प बसले. गावात हात वर केला नव्हता तसे.

त्याच रात्री, जेवणाची भांडी घासत होतो तेव्हा सायरन झाला. सगळे पळाले. मीही पळालो, पाय आपोआप पळतात. दारात उल्हास उभा होता, हातात माझीच टेप. बाजूला झाला नाही. आतून कुणीतरी "अरे घ्या त्याला" म्हणालं, बहुतेक कमलाकर, पण बसल्या जागेवरून. दार लागलं. मग टेप ओढल्याचा आवाज आला, चर्र, चर्र, वरपासून खालपर्यंत. टेप कुठे सैल बसते ते मला माहीत होतं, आणि मनात आलं, सांगावं आतल्यांना, खालच्या कोपऱ्यात दोनदा मारा. बघा काय येतं मनात.

मी न्हाणीघरात जाऊन बसलो. टॉवेल भिजवला, तोंडाला लावला. टॉवेलला साबणाचा वास. वर आभाळात, येणारं मिसाइल पाडायला अमेरिकनांचं उलटं मिसाइल सुटलं, मोठा आवाज झाला, पत्रे थरथरले. मी घाबरलो होतो, उगाच शूर बनत नाही. पण भीतीपेक्षा संताप जास्त होता. गॅसने मेलो तर हे उद्या माझ्या प्रेताला खांदा देतील, आणि म्हणतील, विडा ठेवला असता तर वाचला असता.

सायरन थांबला. दार उघडलं. कुणी माझ्याशी बोललं नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी ताहेरच्या ऑफिसात गेलो.

ताहेरचे डोळे लाल होते. त्याचा मुलगा इजिप्तच्या पलटणीबरोबर सरहद्दीवर आलाय, हे सगळ्या कॅम्पला ठाऊक होतं. टेबलावर फोन, फोनशेजारी त्याचा मास्क.

"क्या मुश्किला?" तो म्हणाला.

"सर, हमारे ब्लॉक में एक चीज..."

"चोरी?"

मी थांबलो.

"चोरी तो नाम बोलो. किसका गया, किसने लिया." त्याने फोन उचलून कानाला लावला. "मेरे पास टाइम नहीं. पुलिस आएगा, सब रूम देखेगा. जो झगड़ा करता है दोनों को एक्झिट, घर वापस. खलास. बाकी सब शांत."

"सर, पहले सुनो तो. जिसपे इल्जाम है उसने लिया नहीं."

"वो पुलिस देखेगा. यल्ला, नाम."

हा माझा जज. मीच निवडलेला. त्याला माझा राग नव्हता, बरोबर. त्याला माझं काहीच नव्हतं. गावकीला माझ्याकडून विडा हवा होता, याला नाव हवं होतं. काय झालं हे विचारायला दोन्हीकडे कुणाला फुरसत नव्हती. त्याचं बोट फोनच्या आकड्यावर होतं. मला तो ड्रम दिसत होता, उलटलेला, खोलीभर तांदूळ, त्यात गणपतीचा फोटो, आणि नाना हात बांधून उभे. नानांनी माझ्या बापासाठी काही केलं नव्हतं. मी त्यांच्यासाठी का करावं? मला आजही उत्तर माहीत नाही.

"नाम नहीं है सर," मी म्हणालो. "टेप चाहिए. खिड़की का टेप खतम हुआ."

ताहेरने फोन खाली ठेवला. मग ड्रॉवरमधून टेपचं एक रीळ काढून फेकलं. "चोरी बोला क्यों फिर?"

"आपने बोला सर. मैं नहीं बोला."

ब्लॉकवर आलो तर सगळे कामावरून येऊन मेसमध्ये बसलेले. मी ताहेरकडे गेल्याचं कळलं होतं. नानांच्या खोलीतून देव काढून कुठे नेऊ, कुठे नको, असं चाललेलं. मला बघून सगळे उठले. उल्हासने माझी कॉलर धरली.

"सांगून आलास?"

"हात काढ."

"सांगून आलास का?"

"नाही सांगितलं. हात काढ, नाहीतर हे रीळ तोंडात कोंबीन."

त्याने हात काढला. मी रीळ टेबलावर आपटलं.

"आता ऐका," मी म्हणालो. "तुमच्यापुढे मी विडा ठेवणार नाही. ताहेरकडेही जाणार नाही, ते बघून आलो. पण एक प्रश्न मी विचारणार, जो मंगळवारपासून तुमच्यातल्या एकानेही विचारला नाही. उल्हास, मास्क कपाटात कसा ठेवला होतास?"

"कसा म्हणजे? ठेवला होता."

"पिशवीत? डब्यात? उघडा?"

उल्हास जरा अडखळला. "बांधून."

"कशात?"

"फडक्यात."

"कसल्या?"

तो इकडेतिकडे बघायला लागला. "लाल," तो म्हणाला. "हळदकुंकू लावलं आणि लाल फडक्यात बांधून देवापुढे ठेवला. जीव वाचवणारी वस्तू हाय. त्यात काय चूक?"

चूक काहीच नाही. पण मी नानांकडे बघितलं, आणि नाना खाली बसले.

"नवसाचे नारळ," ते म्हणाले.

कमलाकर धावला. खाटेखालून ड्रम ओढून आणला. मंगळवारी नानांनी लाल गाठोडी सगळी एका कवेत घेऊन तांदळात पुरली होती. मग फोटो तेवढे परत कपाटात ठेवले, नारळ तिथेच राहू दिले, कारण तपासण्या रोज येत होत्या. मास्कचा फिल्टरचा डबा हाताला गोल लागतो, घाईत नारळासारखाच. आणि दुसऱ्याच्या नवसाचं गाठोडं कुणी सोडून बघत नाही. देवीचा कोप होतो. त्यामुळे माझी ट्रंक उलथली, माझी गादी फाडली, पण ड्रममध्ये कुणी हात घातला नाही.

कमलाकरने चौथं का पाचवं फडकं सोडलं. आतून मास्क निघाला. काचांवर कुंकू, नळीत तांदूळ.

मग उल्हास म्हणाला, "बरं झालं. सापडला." एवढंच. जसा काही मास्कच हरवला होता.

नाना उठले. ताट आणलं, मधे ठेवलं. "रोशन, आता ठेव विडा बाळा. आत्ताच्या आत्ता तुला निर्दोष म्हणून टाकतो. सगळ्यांसमोर. पाटी कोरी."

"विड्याशिवाय म्हणा."

"विड्याशिवाय गावकीला बोलता येत नाय. निर्दोषसुद्धा म्हणता येत नाय. तुला ठाऊक हाय."

"काल दाराला टेप मारताना गावकीला बोलावं लागलं नाही. ते विड्याशिवाय जमलं."

"चुकलं ते."

"मग तुम्ही ठेवा. मास्क तुम्ही नेला. ड्रममध्ये तुम्ही पुरला. आळ आता तुमच्यावर आहे. ठेवा विडा, आणि म्हणा, होईल तो मान्य. किंवा सांगा, गावकी नको, ताहेर हवा. तुम्हालाही निवडता येतं का बघू."

कमलाकर म्हणाला, "रोशन, बस झालं रे. मोठे आहेत ते."

"माझा बापही मोठाच होता."

नानांनी चहाच्या डब्यातून पिशव्या काढल्या. वेलदोडा शोधला, तो मिळेना, तर लवंग घेतली. वाकले आणि विडा ताटात ठेवला. "गावकीनं माझा न्याय करावा," ते म्हणाले. पुढचं वाक्य त्यांना पुरं करता आलं नाही, कारण सायरन झाला.

सगळे कोपऱ्यातल्या खोलीकडे पळाले. दारात उल्हास, टेप हातात. मला म्हणाला, "ये की आत. झालं ना आता."

मी वळून बघितलं. नाना मेसच्या दारातच उभे होते.

"चला," मी ओरडलो.

"माझा न्याय व्हायचाय अजून," नाना म्हणाले. "नियम तुझ्यासाठी झाला तो माझ्यासाठी पण."

खरं सांगतो, एक क्षण मला बरं वाटलं. असू दे उभे. ऐकू दे टेपचा आवाज बाहेरून, वरपासून खालपर्यंत. मग मला स्वतःचाच इतका संताप आला की मी परत गेलो, त्यांचा दंड धरला आणि ओढत आणलं. ते जड होते. वाटेत मी काय काय बोललो ते लिहिण्यासारखं नाही.

"हा नियम नाय," उल्हास दारात पुटपुटला.

"बाजूला हो," मी म्हणालो. "आणि खालच्या कोपऱ्यात दोनदा मार."

आत अंधारात नाना माझ्या शेजारी बसले होते. उल्हासने मास्क घातला होता, नळीत तांदळाचे दाणे खुळखुळत होते. कुणाला तरी हसू आलं. मला नाही आलं.

नानांचा न्याय झाला नाही. माझाही नाही. दर शुक्रवारी ते माझ्याकडे बघतात, मी ताटाकडे बघत नाही. विडा बरेच दिवस तिथेच पडून होता, धूळ खात. मग एकदा चहा संपला, तेव्हा कमलाकरने त्यातल्याच पिशव्या काढून उकळवल्या आणि सगळ्यांना कप दिले.

मी माझा कप तसाच ठेवला.